चिंता देवावर टाकायची म्हणजे नेमकी कुठे ठेवायची?

हळदीचा_हात (सांगली) | १२ जुलै, पहाटे ३:२०

वेळ बघूनच कळलं असेल.

सलाम, नमस्कार. इथे आजवर फक्त पाककृतींच्या धाग्यांवर लिहिलंय, असलं काही पहिल्यांदाच. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. मिस्टर एमआयडीसीत एका कारखान्यात होते, फेब्रुवारीत त्यांचं खातंच बंद झालं. मुलगा बारावीला, नीटचा क्लास चालू आहे. मुलगी आठवीत. सासूबाई आमच्याजवळ. घर कर्नाळ रोडच्या बाजूला, तेही तळमजल्यावर, म्हणजे सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको.

गेले चार महिने रोज तीनला जाग येते. मोबाईलची बॅटरी लावून जुन्या पावत्यांच्या पाठीवर मांडत बसते. घराचा हप्ता ९,४००. सासूबाईंच्या गोळ्या २,१००. क्लासचा दुसरा हप्ता, गॅस, दूध. कागद पेढीवरचे, त्यामुळे पिवळे पडलेले, बोटंही पिवळी. आधी एक महिना मांडते, मग सहा, मग मुलाच्या अॅडमिशनपर्यंत जाते आणि तिथे कागद संपतो. पंधरा वर्षं हिशेब लिहितेय, बेरीज चुकत नाही. चुकली असती तर बरं झालं असतं.

परवाच्या रविवारी उपासनेत बायबलमधला मत्तयचा सहावा अध्याय होता. आकाशातली पाखरं, रानातली भुकमळं. पाळकसाहेब म्हणाले, चिंता करणं म्हणजे देवावर अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे पाप. मी बाकावर बसून घामेघूम. हप्त्याची चिंता होती ती होतीच, आता चिंता करते याची चिंता.

मिस्टर म्हणतात, "प्रभू बघेल." आणि कूस बदलतात. घोरतातसुद्धा.

आमची चौथी पिढी ख्रिस्ती. वचनं तोंडपाठ आहेत, तेव्हा वचनं नकोत. करायचं काय ते सांगा.

---

कॉटेज_मीटिंग (मिरज) | १२ जुलै, सकाळी ७:०२

सलाम ताई. फिलिप्पै ४:६, १ पेत्र ५:७, स्तोत्र ५५:२२ वाचा. प्रार्थनेत आठवण करतो. 🙏

हळदीचा_हात | ७:४०

दादा, आभार. तिन्ही फ्रिजवर चिकटवलेली आहेत. मधलं लोणच्याच्या तेलाने पारदर्शक झालंय.

---

सज्जनगडचा_वारा (सातारा) | १२ जुलै, ९:१५

मी ख्रिस्ती नाही, पण धाग्याचं नाव वाचून थांबलो. आमचे समर्थ लहानपणी अंधाऱ्या कोनाड्यात जाऊन बसले आणि आईला म्हणाले, "चिंता करितो विश्वाची." ताई, तुम्ही निदान घराचीच करताय. 🙂

गंमत सोडा. खरा प्रश्न विचारतो, राग मानू नका. "ठेविले अनंते तैसेचि राहावे" आणि तुमचं "उद्याची चिंता करू नका" हे एकच का? आमच्या घरी पहिल्याचा अर्थ "गप्प बसा" असाच काढला जायचा. विशेषतः बायकांनी.

---

पेटीवाला (सातारा) | १२ जुलै, ११:५०

निवृत्त शिक्षक आहे, चर्चमध्ये पेटी वाजवतो. उपदेशक नाही, पण हा अध्याय चाळीस वर्षं शब्बाथशाळेत शिकवला आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ज्या भागात "चिंता करू नका" येतं त्याची सुरुवात "ह्यास्तव" या शब्दाने होते. कशास्तव? तर आदल्याच ओळीत सांगितलंय की दोन धन्यांची चाकरी होत नाही, देवाची आणि धनाची. म्हणजे मुद्दा मालक कोण, हा आहे. दुसरं, याच अध्यायात थोडं वर प्रभूची प्रार्थना आहे, आणि तिच्यात भाकर मागितली आहे ती आजची. ऐकणारे कोण होते? गालीलातले कोळी, शेतकरी, रोजंदारीवाले, वर रोमी कर. त्यांना उद्याची ददात नव्हती असं समजू नका. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" या वाक्यात प्रभू दुःख नाकारत नाही, फक्त त्याची वाटणी करून देतो.

तिसरं, मान्ना. निर्गम सोळावा अध्याय. रानात इस्राएल लोकांसाठी रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा. उद्यासाठी म्हणून साठवला त्याला किडे पडले. एवढं सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत: सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं, कारण सातवा शब्बाथ, आणि तो साठा नासला नाही. म्हणजे तरतूद करायला मनाई नाही. योसेफाने मिसरात सात वर्षं धान्य साठवलं, त्याला कुणी अविश्वासी म्हटलं नाही. तुमचा पावतीमागचा हिशेब हे पाप नाही. पेढीवर तेच केल्याबद्दल तुम्हाला पगार मिळतो.

आणि घामाचं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू इतका व्याकूळ झाला की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं लूक लिहितो. हा प्याला टळू दे, असंही त्याने मागितलं. अंगाला कापरं भरणं हे जर पाप असेल, तर त्या रात्रीचं काय म्हणायचं?

@सज्जनगडचा_वारा, तुकोबांच्या ओळीत "चित्ती असू द्यावे समाधान" असं पुढे आहे. समाधान म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे तुकोबांनाही मान्य असावं. ओळी अर्ध्या म्हटल्या की कुठल्याही धर्मात त्या दुसऱ्याला गप्प बसवायला उपयोगी पडतात.

अवांतर: भुकमळं म्हणजे नेमकी कोणती फुलं हे मुलं दरवर्षी विचारायची. मी त्यांना कासला न्यायचो. पठारावर जांभा, त्यावर वीतभरही माती नाही. मातीत कस नाही म्हणून दवबिंदू नावाची झाडं किडे खाऊन जगतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. त्या अध्यायात शलमोन राजाच्या पोशाखाशी तुलना केलेली फुलं कुंडीतली नव्हती, एवढंच सांगायचो.

---

विजयी_जीवन | १२ जुलै, १:०५

ताई, नकारात्मक बोलू नका. जे तोंडाने बोलाल तेच होईल. "माझ्या पतीला नोकरी मिळाली आहे, दुप्पट पगाराची" असं रोज सकाळी मोठ्याने घोषित करा. शंका आणली की आशीर्वाद अडतो. मी घोषित केलं आणि सहा महिन्यांत गाडी आली.

हळदीचा_हात | १:३०

रोज सकाळी मोठ्याने म्हटलं तर सासूबाई विचारतील, कुठे लागली? मग काय सांगू?

पेटीवाला | १:४८

"मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे" हे फिलिप्पैमधलं वचन अशा ठिकाणी फार वापरतात. त्याच्या आधीचं वाचा. मी तृप्त असायला शिकलो आहे आणि भुकेलेला असायलाही, असं पौल म्हणतो. पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे. गाडीचा उल्लेख नाही.

संपादक | २:१०

सर्वांना विनंती, वैयक्तिक टोमणे नकोत. "धर्मप्रसार चालू आहे" अशा तीन तक्रारी आल्या आहेत. धागाकर्तीने आपल्या घरचा प्रश्न आपल्या श्रद्धेच्या भाषेत विचारला आहे. धागा चालू राहील.

---

पांढरी_टोपी (मिरज) | १२ जुलै, रात्री ९:३५

मी नर्स होते, छत्तीस वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळी. तीन वाजताची मला चांगली ओळख आहे. वॉर्डात दिवसा हसून बोलणारी माणसं तीनला बेल दाबायची. "सिस्टर, छातीत धडधडतंय." बीपी बघायचं, नाडी बघायची, सगळं ठीक. मग मी स्टूल ओढून दहा मिनिटं बसायची. पुष्कळांना तेवढं पुरायचं. काहींना पुरायचं नाही, त्यांना डॉक्टर लागायचे.

तेव्हा सरळ विचारते. भूक लागते का? पेढीवर हिशेबात चुका व्हायला लागल्यात का? छातीवर दडपण, हातापायाला मुंग्या? सगळं संपवून टाकावं असं मनात येतं का? चार महिने रोज झोपमोड ही थोडी गोष्ट नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जायचं जिवावर येत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

आता कुणीतरी म्हणेल की गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी. हे मी आमच्याच लोकांच्या तोंडून फार ऐकलंय. मिरजेत बसून असं म्हणायचं म्हणजे कमाल आहे. डॉ. वॉनलेस इथे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी दवाखाना उभा केला, तोही मिशनचाच माणूस. प्रार्थना आणि ऑपरेशन यांत भांडण असतं तर त्या दवाखान्याची पहिली वीट बसली नसती. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य.

हळदीचा_हात | १०:१५

संपवावंसं वाटत नाही, देवाशप्पथ. भूक लागत नाही. चुका दोन झाल्या, मालकांनी काही म्हटलं नाही. दडपण आहे. नंबर लिहून घेतला.

---

चूल_आणि_चौरंग (सातारा) | १३ जुलै, ११:२०

सगळं वाचलं. पेटीवाले सरांचं पटलं. पण ताईंच्या मूळ पोस्टमधल्या एका ओळीवर कुणीच बोललं नाही, ती मी उचलते. "मिस्टर म्हणतात प्रभू बघेल, आणि कूस बदलतात."

ना. वा. टिळक, आपले ख्रिस्ती कवी. आमच्या साताऱ्याशी त्यांचं नातं शेवटचं. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं, इथे येऊन "देवाचा दरबार" नावाचा भक्तसंघ काढला, १९१९ मध्ये गेले. त्यांचे अभंग आजही उपासनेत म्हणतो आपण. मोठा माणूस, त्यात वाद नाही. पैसा हातात आला की दुसऱ्या हाताने गेला, घरी कधी कोण पाहुणा येईल, कोणत्या अनाथ पोराला घेऊन येतील याचा नेम नाही. उद्याची चिंता नावाला नाही, अगदी मत्तय सहाप्रमाणे.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? डब्यात पीठ किती आहे हे कुणाला ठाऊक होतं? टिळकांनी टाकलेली चिंता दर वेळी स्वर्गात पोचली असं नाही, बरीचशी स्वयंपाकघरात येऊन पडली. त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय, हसत हसत, नवऱ्यावरचं प्रेम तसूभर कमी न करता. ते हसणं त्यांचं मोठेपण. म्हणून आपल्या नवऱ्यांनी तो पायंडा धरायचा असं नाही.

पेत्राने लिहिलंय, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. त्याच्यावर म्हणजे देवावर. शेजारी झोपलेल्या बाईवर नव्हे. घरातला एक जण "प्रभू बघेल" म्हणून मोकळा होतो तेव्हा दुसऱ्याच्या पदरात दोघांची पडते. तुम्हाला तीनला जाग येते ती दोघांच्या वाट्याची येते, ताई. विश्वास कमी म्हणून नाही.

मिरज_जंक्शन | ११:४१

+१. वाचून बायकोला दाखवलं. ती काहीच बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

कॉटेज_मीटिंग | १२:०५

ताई, तुमचा मुद्दा बरोबर. पण नवऱ्यांची बाजूही बघा. नोकरी गेलेला पुरुष घरात काय तोंड दाखवेल? "प्रभू बघेल" एवढंच त्याला बोलता येत असेल. माझं २०२० मध्ये तसंच झालं होतं. वचनांची यादी देणं सोपं जातं, म्हणून काल हळदीचा_हात ताईंनाही यादीच दिली. माफ करा.

---

डोळा_छाटणी (तासगाव) | १३ जुलै, रात्री ८:५०

मी माळकरी माणूस, तुमच्या देवाधर्मातलं मला कळत नाय. पण उद्याची चिंता म्हणाल तर द्राक्षबागायतदाराएवढी कुणाला नसंल बघा. दोन एकर बाग हाय. ऑक्टोबरात छाटणी घ्यायची, फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग, मणी भरल्यावर आला की तडकतंय, बेदाणा शेडवर टाकला आणि आला की काळा पडतोय. वर्षभर मान वर, ढगाकडं.

एक सांगतो. पुढच्या हंगामाचा घड कधी तयार होतो ठावं हाय? लोकांस्नी वाटतं ऑक्टोबर छाटणीनंतर. नाय. एप्रिलात खरड छाटणी घेतली की पुढच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात, म्हंजी कोंबात, तो धरतोय. बाहेरनं कायबी दिसत नाय. आता जुलै चालू हाय, माझा पुढच्या सालचा माल डोळ्यात झोपलाय.

आता ह्याचा अर्थ सगळं आपोआप होतंय असा काढू नका. त्या दिवसांत आभाळ ढगाळ राहिलं तर डोळ्यात घड धरतच नाय, मग कायबी करा. म्हणून छाटणीआधी चार काड्या तपासायला देतो. लॅबवाले डोळा उभा कापून भिंगाखाली बघत्यात, घड हाय का नाय. चारच काड्या बरं का. आमच्या शेजाऱ्याला एका साली एवढा घोर लागला, त्यो रोज बागेत जाऊन ब्लेडनं डोळे उकलून बघायचा. कापलेला डोळा फुटतोय व्हय?

ताई, तुम्ही रोज रात्री पुढच्या सहा महिन्यांचे डोळे कापताय असं वाटलं. महिन्यातनं एकदा चार काड्या तपासा. बाकीचे राहू द्या झाडाला.

पेटीवाला | ९:३०

चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते तुम्ही एका परिच्छेदात केलंत. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. मी ते फळ्यावर वेल काढून शिकवलं, बाग न बघता.

तुमच्यामुळे एक लक्षात आलं. पेत्राच्या त्या वचनात मराठी शास्त्रात दोन शब्द आहेत: चिंता टाका, कारण तो काळजी घेतो. मूळ ग्रीकमध्येही शब्द दोन आहेत, मेरिम्ना आणि मेलेई. आपल्या बोलण्यात "काळजी करणं" आणि "काळजी घेणं" यात क्रियापदापुरताच फरक. चार काड्या तपासणं हे घेणं. रोज ब्लेड चालवणं हे करणं.

डोळा_छाटणी | ९:४४

ग्रीक बिग माहीत नाय सर. बेदाणा लागला तर सांगा.

---

हळदीचा_हात | १९ जुलै, रात्री १०:०५

आठवडाभर लिहिलं नाही. झालं ते सांगते.

चूल_आणि_चौरंग ताईंची पोस्ट मिस्टरांना वाचून दाखवली. लक्ष्मीबाईंपर्यंत ऐकलं आणि उठून बाहेर गेले. म्हटलं, झालं, आता भांडण. त्या रात्री मी तीनला उठले, बॅटरी लावली, तर मागून आवाज: "दे इकडे कागद." म्हणाले, "तू उठतेस तेव्हा मी जागाच असतो. काय बोलायचं सुचत नाही म्हणून पडून राहतो." मी म्हटलं, आणि घोरता ते? तर म्हणे ते चारनंतर, खरं असतं.

हप्ता सहा महिने भरता येणार नाही हे दोघांनी पहिल्यांदा एका कागदावर बघितलं. ते रडले. मी नाही रडले, मला भूक लागली. पहाटे साडेतीनला शिळी भाकरी आणि चटणी खाल्ली आम्ही. मग प्रार्थना केली. "प्रभू, नऊ हजार चारशे" एवढीच, आकड्यासकट. आजवर आम्ही "आमच्या गरजा तू जाणतोस" असंच म्हणायचो, मोघम. देवाला काय, एकमेकांनाही आकडा सांगितलेला नव्हता.

पुढचं पटपट सांगते. बँकेत जाऊन बोललो, मुदत वाढवून हप्ता कमी होतोय का ते बघतायत. मिस्टर एका कोल्ड स्टोरेजवर जायला लागले, तीन महिन्यांचं काम, पगार आधीच्या निम्मा. डॉक्टरांना दाखवलं, गोळी चालू आहे, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. महिला मंडळात मी साक्षीच्या वेळी उठून हे सगळं बोलले. गोळीचंसुद्धा. शांतता पसरली. मग आमच्या खजिनदार बाई म्हणाल्या, "कोणती देतात? मी तीन वर्षं घेतेय." वीस वर्षं एका बाकावर बसतोय आम्ही. एक बाई कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्या मुलाला शनिवारी बोलावतात. दुसऱ्या हप्त्याचा क्लास सोडला.

पाळकसाहेबांनाही भेटले. गेथशेमानेचं विचारलं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी तो भाग घेतो." बघू.

जाग अजून येते, आठवड्यातून दोनतीनदा. कागद महिन्याच्या एक तारखेला काढायचा असं ठरलंय. बाकीच्या रात्री पाणी पिऊन पडून राहते, मिस्टरांना कोपर मारून उठवते, मग दोघं जागे.

सज्जनगडचा_वारा | १०:३०

कोपर मारण्याला ग्रीकमध्ये काय म्हणतात, सर?

पेटीवाला | १०:४२

शास्त्रात सापडलं नाही. पण "एकमेकांची ओझी वाहा" असं गलतीकरांस पत्रात आहे, त्यात बसवता येईल.

---

आयर्विनपार (सांगली) | २८ जुलै, सायं. ५:१५

धागा वर आणतोय, कारण ताई कर्नाळ रोडच्या. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी आत्ता ३६ फूट. इशारा पातळी ४०, धोका ४५. कोयनेचा विसर्ग वाढवलाय, रात्रीत चढेल. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा "बघू सकाळी" म्हणणारेच अडकले होते. मी धरून.

हळदीचा_हात | ५:५०

बघितलं. आम्ही चारलाच सुरुवात केली. खजिनदार बाईंची विश्रामबागेत वरची खोली आहे, किल्ली त्यांनीच आणून दिली. मिस्टरांनी कोल्ड स्टोरेजवरनं टेम्पो मागून घेतला. फ्रिज चढवताना ती तीन वचनं निघाली, मुलीने वहीत घातली. तेलाचं सुद्धा.

डोळा_छाटणी | ६:०५

माणसं लागत असली तर सांगा, दोन पोरं धाडतो. रस्ता सांगलीवाडीकडनं नको, माधवनगरकडनं येत्याल.

पांढरी_टोपी | ६:१२

सासूबाईंच्या गोळ्या वर घेतल्या का? आणि तुमच्या?

हळदीचा_हात | ६:२०

दोन्ही पर्समध्ये आहेत. डबीवर नाव लिहिलंय, नाहीतर अदलाबदल व्हायची. टेम्पो आला, ठेवते.